दानीएलची भविष्यवाणी: घडून गेलेली की अजून घडायची?

धागाकर्ता: जेरुसलेममध्ये काही पेटलं की बायबलमधल्या दानीएलच्या पुस्तकाचे अध्याय काढून जगाच्या अंताचे हिशेब मांडले जातात. मला हे पटत नाही. त्या पुस्तकाचा उत्तरार्ध इ.स.पू. १६७ च्या छळाबद्दल आहे. अँटिओकस चौथा या सेल्युकिड (सीरियावर राज्य करणाऱ्या ग्रीक घराण्यातल्या) राजाने तेव्हा जेरुसलेमच्या मंदिरातलं नित्याचं अर्पण बंद पाडलं, वेदी बाटवली, मुलांची सुंता करणाऱ्यांना ठार मारलं. अकरावा अध्याय सावकाश वाचा. उत्तरेचा राजा, दक्षिणेचा राजा, त्यांच्या सोयरिकी, दगाफटका, सगळं सीरिया-इजिप्तच्या राजघराण्यांशी जुळतं. चाळिसाव्या वचनानंतर मात्र जुळत नाही. तिथे राजाचा शेवट समुद्र आणि पवित्र पर्वत यांच्यामध्ये सांगितलाय. अँटिओकस मेला तो तिकडे इराणच्या मोहिमेवर, इ.स.पू. १६४ मध्ये. म्हणजे लिहिणाऱ्याला छळापर्यंतचं ठाऊक होतं, पुढचं नाही; तो त्या छळाच्या ऐन मध्यात होता. ख्रिस्ती धर्माचा टीकाकार तत्त्वज्ञ पोर्फिरी याने तिसऱ्या शतकातच हे दाखवून दिलं होतं.

प्रतिसाद १: पोर्फिरीला बायबलचा भाष्यकार जेरोमने दिलेलं उत्तरही सांगा ना. न जुळणारी वचनं ख्रिस्तविरोधकाबद्दल, म्हणजे अंतकाळी येणाऱ्या ख्रिस्ताच्या शत्रूबद्दल आहेत, असं त्याचं म्हणणं होतं. आणि आम्हा ख्रिस्ती लोकांना मत्तयाच्या शुभवर्तमानातलं २४:१५ बाजूला ठेवता येत नाही. दानीएलने सांगितलेली अमंगळ गोष्ट पवित्रस्थानी दिसली की यहूदियातल्यांनी डोंगरांकडे पळावं, असं खुद्द येशू सांगतो. तोवर अँटिओकसला मरून जवळजवळ दोनशे वर्षं झाली होती!

धागाकर्ता: तेही इ.स. ७० मध्ये घडलं की. टायटसच्या रोमन सैन्याने मंदिर जाळलं. पण तुम्ही दानीएलच्या नवव्या अध्यायातल्या सत्तर सप्तकांतलं (एक सप्तक म्हणजे सात वर्षं, असं धरतात) शेवटचं सप्तक तोडून दोन हजार वर्षं पुढे नेता. ही मांडणी एकोणिसाव्या शतकात डार्बी या धर्मोपदेशकाने रुजवली आणि १९०९ च्या स्कोफिल्ड बायबलच्या टिपांनी घरोघरी पोचवली.

प्रतिसाद १: ९:२६ पाहा. अभिषिक्ताचा वध आणि नगराचा नाश बासष्ट सप्तकांनंतर येतो, शेवटच्या सप्तकाचा उल्लेख त्याच्या पुढच्या वचनात. मधला खंड आम्ही पदरचा घातलेला नाही. आणि तारखा काढणं आम्हालाही मान्य नाही. विल्यम मिलर या अमेरिकन उपदेशकाने दानीएल ८:१४ मधल्या २३०० दिवसांची वर्षं केली, २२ ऑक्टोबर १८४४ ला हजारो माणसं ख्रिस्ताच्या येण्याची वाट पाहत राहिली. तो दिवस कोणालाच ठाऊक नाही, पुत्रालाही नाही, हे मार्क १३:३२ मध्ये स्पष्ट आहे.

प्रतिसाद २: मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यू समाजातली. आमचे पूर्वज अँटिओकसच्याच छळातून निघाले आणि अलिबागजवळ नवगावला त्यांचं जहाज फुटलं, असं आमच्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. त्यामुळे हा छळ मला परका वाटत नाही. आमच्या बायबलमध्ये दानीएल संदेष्ट्यांच्या भागात नाहीच, 'लेखन' या तिसऱ्या भागात आहे. अंताचा हिशेब करणाऱ्यांची हाडं झिजोत, असा शाप तल्मूद या आमच्या धर्मग्रंथात आहे. तुम्हा दोघांच्या वादात हे पुस्तक मुळात कोणाचं, हेच मागे पडतंय.

प्रतिसाद १: ताई, ते तुमचंच, मान्य. पण १२:२ चं काय करायचं? मातीत निजलेले उठतील, असं तिथे म्हटलंय. ते अजून घडलेलं नाही. सगळं १६७ ला बांधलंत तर ही आशाही गेली.

धागाकर्ता: का जाईल? धर्म सोडला नाही म्हणून जे मारले गेले त्यांना न्याय कधी मिळणार, या प्रश्नातूनच ती आली. त्याच अध्यायाच्या शेवटी अर्पण बंद पडल्यापासून १२९० दिवस दिलेत आणि लगेच पुढच्या वचनात १३३५. दोन्ही साडेतीन-पावणेचार वर्षांचे आकडे, तेव्हा जीव मुठीत धरून दिवस काढणाऱ्यांसाठी दिलेले. ते आपल्या काळातल्या युद्धांना लावायला आधार काय, एवढं सांगा.