मदत हवी आहे: दाजींची पीएफ पेन्शन, मुलं तीन आणि म्हणे मिळणार दोघांनाच

नमस्कार मंडळी, सोलापूरहून लिहितोय. माझे दाजी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात 11 वर्षं होते. दीड महिन्यापूर्वी हार्ट अटॅकनं गेले, नोकरीत असतानाच. अक्का कुंभारीच्या घरकुलात राहते, बिड्या वळते. थोरला 19 चा, पॉलिटेक्निकला. मधली 14, धाकटी 9.

हातात 14 हजार यायचे, पण पीएफ कापायचे 9 हजारांवर. दाजींचे 12 टक्के म्हणजे 1080, तेवढेच मालकाचे. मालकाच्या वाट्यातले 8.33 टक्के, म्हणजे 750, पेन्शन खात्यात. वरचे 5 हजार पाकिटातून. (तेव्हा दाजींनाही बरंच वाटायचं, कापलं जात नाही म्हणून.)

दिवाणजी म्हणाले, मुलांची पेन्शन पंचविशीपर्यंत आणि दोघांनाच, तिसरीचं विसरा. धाकटीला खरंच काही नाही का?

दुसरं, रकमेचं. पगार गुणिले वर्षं भागिले 70 केलं तर अक्काचे 1414 येतात. मुलाला त्याचे 25 टक्के, म्हणजे साडेतीनशे. किमान रक्कम तर 250 च आहे. एवढ्यात थोरल्याचं कुंभारीहून जायचं-यायचं भाडंही निघत नाही. आणि राज्य सरकारच्या बालसंगोपन योजनेत एकेका मुलाला महिन्याला 2250, तेही एक पैसा हप्ता न भरता! 11 वर्षं कापून घेतलं तिथून त्याचा सहावा हिस्सा. माझंच गणित चुकत असेल तर सांगा, चुकलेलंच बरं. बालसंगोपनचा अर्ज कुठं करायचा तेही सांगा.

प्रतिसाद 1
दिवाणजींचं अर्धंच खरं आहे. एका वेळी दोघांना, हे बरोबर. पण क्रम थोरल्यापासून लागतो. तो 25 चा झाला की त्याची बंद आणि धाकटीची चालू. तेव्हा ती 15 ची असेल, म्हणजे पुढं दहा वर्षं मिळेल. दाव्यात तिघांचीही नावं आणि जन्मतारखा लिहा.

70 चं गणित एकट्यानं पुरत नाही. नोकरीत असताना मृत्यू झाला तर पगाराप्रमाणे वेगळा तक्ता आहे, जे जास्त निघेल ते मिळतं. मुलांचे 25 टक्के ताईंच्या पेन्शनीतून वजा होत नाहीत, वेगळे मिळतात. 9 हजारांवर कापल्याचा फटका मात्र बसणारच.

आणि विमा? ईडीएलआयचे, म्हणजे पीएफला जोडलेल्या विम्याचे, किमान अडीच लाख, सलग वर्षभर नोकरी झालेली असली तर. त्याचा हप्ता मालक भरतो, पगाराच्या चिठ्ठीवर दिसत नाही, म्हणून लोक मागतच नाहीत. पीएफ, पेन्शन, विमा एकाच फॉर्मवर मागता येतं.

प्रतिसाद 2
बालसंगोपनसाठी जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांचं कार्यालय. 18 खालच्या दोघींचाच अर्ज होईल. थोरल्यासाठी अक्कांचं बिडी कार्ड (बिडी कामगाराचं ओळखपत्र) काढा की! त्यावर केंद्राच्या कामगार कल्याणची शिष्यवृत्ती आहे, पॉलिटेक्निकला वर्षाला 6000. अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर.

धागाकर्ता
विम्याचं दिवाणजी एका शब्दानं बोलले नव्हते. बिडी कार्ड अक्काकडं आहे, पण त्यावर नाव माहेरचं. ते बदलून घ्यावं लागेल की लग्नाचा दाखला चालेल?