वर्षभरात बायबल पूर्ण वाचलेच पाहिजे का?

लेवीयात अडकलेला:
काल आमच्या मंडळीच्या (चर्चच्या) गटावर एक संदेश फिरत आला. "रोज तीन अध्याय, रविवारी पाच, वर्षात पवित्र शास्त्र पूर्ण. देवासाठी रोज वीस मिनिटेही ज्याला काढता येत नाहीत, त्याने स्वतःला ख्रिस्ती म्हणवून घेऊ नये." हिशेबात चूक नाही. या गतीने ११८९ अध्याय वर्षात संपतात आणि वर दहा अध्यायांची सवड उरते. मात्र दुसऱ्या वाक्याने मला रात्रभर झोप लागली नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

तीन वर्षांपूर्वी मी हीच योजना घेतली होती. जानेवारीच्या अखेरीस वडील रुग्णालयात होते आणि माझे वाचन लेवीय या पुस्तकाच्या १३ व्या अध्यायावर आले होते. अंगावरचा डाग, त्यातले पांढरे झालेले केस, याजकाने सात दिवस वेगळे ठेवणे, अशी ५९ वचने मी त्यांच्या खाटेशेजारी स्टुलावर बसून वाचत होतो, कारण आज सोडले तर उद्या सहा अध्याय अंगावर येणार होते. वडिलांनी हळू आवाजात १२१ वे स्तोत्र वाचायला सांगितले. "एवढे दोन अध्याय संपवतो आणि वाचतो," असे मी म्हणालो. मी मान वर केली तेव्हा त्यांना झोप लागली होती, आणि दुसऱ्या दिवशी त्यांची वाचा गेली.

आता आमच्याकडे सकाळी सातच्या आत वाचन करून गटावर अंगठा टाकायचा आणि ज्यांचा अंगठा नाही त्यांची नावे रविवारी उपासनेनंतर वाचून दाखवायची, अशी पद्धत सुरू झाली आहे. याला मनन म्हणायचे की हजेरी?

नगरची शिक्षिका:
आपले दुःख मी समजू शकते. परंतु स्तोत्र पुढे ढकलण्याची आज्ञा वाचनाच्या कोणत्याही तक्त्याने दिली नव्हती, ती आपण स्वतःच दिलीत. कटू वाटेल, तरी लिहिते.

"मनाला भिडेल तेवढेच वाचावे" असे म्हणणारी माणसे आयुष्यभर २३ वे स्तोत्र, डोंगरावरचे प्रवचन आणि १ करिंथ १३ यांतच फिरत राहतात. मीही त्यांतलीच होते. माझा धाकटा भाऊ अपघातात गेला तेव्हा शवविच्छेदनाच्या कागदपत्रांसाठी दोन दिवस गेले, आणि आई शवागाराच्या दारातून उठेना. नातेवाईक म्हणू लागले की हिची श्रद्धा कमी पडते. पुढच्या मार्चअखेर तक्त्याप्रमाणे २ शमुवेल २१ आला. शौल राजाची उपपत्नी रिस्पा खडकावर गोणताट (गोणीचे जाडेभरडे कापड) अंथरून बसते आणि हंगामाच्या आरंभापासून पाऊस पडेपर्यंत आपल्या मुलांच्या प्रेतांवर दिवसा पाखरांना आणि रात्री श्वापदांना येऊ देत नाही. चाळीस वर्षांत एकाही उपदेशात मी तिचे नाव ऐकले नव्हते. तो अध्याय मी आईला तीनदा वाचून दाखवला. आवडीचे तेवढेच वाचत राहिले असते, तर रिस्पा मला भेटलीच नसती.

वसईकर:
आम्हा कॅथलिकांच्या बायबलमध्ये ७३ पुस्तके आहेत, तेव्हा आपला ११८९ चा आकडा आम्हाला लागू नाही. तोबित आणि मक्काबी या पुस्तकांना आपल्या तक्त्यात जागाच नाही. आमच्या मिस्सेची (चर्चमधल्या उपासनेची) वाचने रविवारी तीन वर्षांच्या आणि इतर दिवशी दोन वर्षांच्या चक्राने चालतात, आणि तिथे मागे पडण्याचा प्रश्नच येत नाही. बाराव्या शतकातल्या गिगो नावाच्या मठवासीयाने वाचन, मनन, प्रार्थना आणि चिंतन अशी शिडी सांगितली आहे. आपण पहिल्याच पायरीवर धावत आहात. शिवाय आजची अध्यायांची विभागणी तेराव्या शतकातल्या स्टीफन लँग्टनची आहे, पवित्र आत्म्याची नव्हे.

नगरची शिक्षिका:
चक्राची वाचनेही कुणीतरी निवडलेलीच असतात. त्यांत रिस्पा आहे का, एवढेच सांगावे.

वसईकर:
नाही. हे मान्य करावे लागते, आणि ते मला आवडलेले नाही.

पुण्यातला बाप:
मनन करण्यासाठी आधी शब्द कळायला हवेत. रिस्पाची गोष्ट वाचून दाखवताना माझ्या मुलीने विचारले, "गोणताट म्हणजे जेवणाचे ताट का?" जुनी भाषांतरे घरात ठेवून आपण पुढच्या पिढीला इंग्रजीकडे ढकलतो आहोत. सोपे भाषांतर घेतले असते, तर आपल्यापैकी निम्मे जण लेवीयात अडकलेच नसते.

केडगाव आजोळ:
सोप्या मराठीचा शोध आज लागलेला नाही, साहेब. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल मराठीत आणले ते खेड्यातल्या बायकांना समजावे म्हणूनच, आणि केडगावच्या त्यांच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यात बायकांनीच ते छापले. १९२२ साली त्या गेल्या आणि १९२४ साली ते संपूर्ण प्रसिद्ध झाले. ते न उघडता मराठी अवघड असल्याची तक्रार करणे हा आळस आहे. आणि "गोणताट" अवघड नाही; बाजारात गोण पाहिलेल्या माझ्या आजीला ते सांगावे लागले नव्हते.

पुण्यातला बाप:
माझ्या मुलीने बाजारात गोण पाहिलेली नाही, प्लास्टिकची पिशवी पाहिली आहे. हा तिचा गुन्हा आहे का? शंभर वर्षांपूर्वीची सोपी भाषा आज सोपी राहिलेली नाही, एवढे समजण्यासाठी हिब्रू शिकावी लागत नाही.

वसईकर:
फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे सुबोध बायबल आपण पाहिलेले दिसत नाही. त्यासाठी त्यांना साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला होता. प्रोटेस्टंट घरांत ते "त्यांचे" म्हणून बाजूला ठेवले जाते, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

केडगाव आजोळ:
आणि रमाबाईंचे बायबल आपल्याकडे किती घरांत आहे? आधी ते सांगा, मग आम्हाला बोल लावा.

पाळकपुत्र:
भाषांतरांची लढाई क्षणभर थांबवावी. ज्या तक्त्यावरून आपण भांडतो आहोत तशा तक्त्यांतला सर्वांत गाजलेला तक्ता स्कॉटलंडमधल्या डंडीच्या रॉबर्ट मरे मॅकशेन या पाळकाने १८४२ च्या डिसेंबरअखेर आपल्या मंडळीसाठी केला. जुना करार वर्षात एकदा, नवा करार आणि स्तोत्रे दोनदा, असा त्याचा बेत होता. मात्र लाभ सांगण्याआधी त्याने धोके लिहिले आहेत: वाचन निव्वळ औपचारिकता होऊन बसेल, आपण फार धार्मिक झालो असे वाटू लागेल, निष्काळजीपणे पाने उलटली जातील आणि काहींना हे जू फार जड होईल. पुढच्या मार्चमध्ये, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, तो वारला; स्वतःच्या तक्त्याचे एक वर्षही त्याला पूर्ण करता आले नाही. फिरत्या संदेशाच्या न्यायाने त्याचेही नाव रविवारी वाचून दाखवावे लागेल.

माझे वडील चौतीस वर्षे पाळक होते. त्यांच्या बायबलमध्ये गणना या पुस्तकाच्या ७ व्या अध्यायाच्या समासात पेन्सिलीने बारा रेघा आहेत. इस्राएलाचे बारा सरदार एकामागून एक तेच १३० शेकेलांचे चांदीचे ताट आणि तोच ७० शेकेलांचा कटोरा आणतात, आणि ८९ वचनांत तीच यादी बारा वेळा येते. प्रत्येक रेघेपुढे त्यांनी मंडळीतल्या एकेका कुटुंबाचे आडनाव लिहून ठेवले होते. एक सरदार वाचायचा, एका घरासाठी प्रार्थना करायची, मग पुढचा. त्या अध्यायाला त्यांना बारा दिवस लागत.

नगरची शिक्षिका:
म्हणजे आपले वडीलही अध्याय गाळत नव्हते. हेच मी सांगत होते.

लेवीयात अडकलेला:
आणि दिवसाला तीनही संपवत नव्हते. हे मी सांगत होतो. असो. बाईंनी स्टुलावरच्या माणसाला दोष दिला, तो मी घेतला. तसा तीन वर्षे घेतच आलो आहे. आज सकाळी २ शमुवेल २१ वाचला, तेवढाच. नेमलेले पुढचे दोन राहिले आणि गटावर अंगठा टाकलेला नाही.

नगरची शिक्षिका:
दहा अध्यायांची सवड उरते, असे आपणच वर लिहिले आहे. त्यातले दोन गेले, आठ बाकी आहेत.