काळ्या प्लास्टिकवर वॅक्सचे पांढरे डाग, कसे काढू?

रविवारी गाडीला पहिल्यांदाच घरी वॅक्स केलं, रंग मस्त चमकला पण बंपर आणि चाकावरच्या काळ्या प्लास्टिकला हात लागला तिथे पांढरे पट्टे राहिलेत. शाम्पूने दोनदा धुतलं, ओलं असताना दिसत नाही आणि वाळलं की परत तसंच. पेट्रोलने पुसू का?

— पेट्रोल, थिनर अजिबात नको, प्लास्टिक कायमचं फिकट पडू शकतं! त्या खरखरीत प्लास्टिकच्या बारीक खाचांत वॅक्स जाऊन बसतं, म्हणून नुसत्या फडक्याने निघत नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी निम्मं निम्मं घ्या, जुन्या मऊ टूथब्रशने हळू घासा आणि लगेच मायक्रोफायबरने टिपा, नाहीतर सुटलेलं वॅक्स तिथेच परत वाळतं. गाडी सावलीत, प्लास्टिक गार असतानाच करा, आधी कोपऱ्यात थोडं करून बघा.

— माझे जुने डाग हेअर ड्रायरने कोमट करून मग पुसल्यावर निघाले, पण एका जागी धरून ठेवू नका हं.

— पुढच्या वेळी आधी कडेने मास्किंग टेप लावा, दहा मिनिटं जातात पण हा त्रास वाचतो.

— अल्कोहोल आणि ब्रशने निघालं सगळं! खूप आभार, आता ट्रिम ड्रेसिंग (काळ्या प्लास्टिकला लावायचं पॉलिश) लावतो.