अंडपेशी जनुकीय ठसा नेमका कुठे उमटवायचा हे कसे ठरवते?

प्रश्न
सस्तन प्राण्यांत काही जनुकांची केवळ आईकडून किंवा केवळ वडिलांकडून आलेली प्रत काम करते आणि दुसरी मुकी राहते (यालाच जनुकीय ठसा म्हणतात), याचे मूळ डीएनएवरील मिथाइल खुणांत आहे, इथवर मला समजले आहे. परंतु अंडपेशीत स्नर्पन किंवा पेग३ यांसारख्या जनुकांच्याच नियंत्रक भागांवर खूण कशी होते? या जागा ओळखणारे एखादे प्रथिन तिथे असते का?

प्रतिसाद १
अंडपेशी या जागा वेचून काढते, हे तुमचे गृहीतक आधी बाजूला ठेवावे लागेल. उंदरांत जन्माच्या वेळी अंडपेशी अर्धसूत्री विभाजनाच्या पहिल्या टप्प्यात थबकलेल्या असतात आणि त्यांच्या डीएनएवर मिथिलीकरण, म्हणजे मिथाइल गट बसणे, जवळजवळ नसते. पुढे पेशी आकाराने वाढू लागली की खुणा उमटतात, आणि त्याही सर्व जनुकांवर एकाच वेळी नव्हेत. हे काम डीएनएमटी३ए हे विकर (एन्झाइम) करते. डीएनएमटी३एल या त्याच्या जोडीदाराला स्वतःला मिथाइल गट बसवता येत नाही, तरीही ते नसलेल्या मादीच्या अंड्यांत ठसे उमटत नाहीत आणि तिचे गर्भ अर्ध्या वाटेवरच मरतात.

जागा ठरते ती मुख्यतः प्रतिलेखनामुळे, म्हणजे डीएनएवरून आरएनए प्रत बनण्यामुळे. अंडपेशीत एखादे प्रतिलेखन बरेच अलीकडून सुरू होऊन त्या भागावरून पुढे गेले, की सेटडी२ हे विकर तिथल्या एच३ हिस्टोनच्या (डीएनए ज्याभोवती गुंडाळलेला असतो त्या प्रथिनाच्या) ३६व्या लायसीन या अमिनो आम्लावर तीन मिथाइल गट बसवते आणि ती खूण डीएनएमटी३एला बोलावते. याउलट चौथ्या लायसीनवरचे मिथाइल गट त्याला दूर ठेवतात, म्हणून काही ठिकाणी केडीएम१बी या विकराने ते आधी पुसावे लागतात. ग्नास जनुकस्थानी हे प्रतिलेखन मध्येच तोडले असता ठसा उमटला नाही.

प्रतिसाद २ (प्रश्नकर्ता)
मग प्रतिलेखन जिथे जिथे होते तिथे सगळीकडेच मिथिलीकरण होत असणार. त्या सर्वांना ठसा का म्हणत नाहीत?

प्रतिसाद ३
होतेच. उंदराच्या अंडपेशीत हजाराहून अधिक सीपीजी बेटे (डीएनएतील सी-जी जोड्या दाट असलेले पट्टे) मिथिलीकृत असतात. आईकडून येणारे खरे ठसे मात्र वीस-पंचवीसच. निवड फलनानंतर होते, जेव्हा भ्रूणातल्या बहुतेक मिथाइल खुणा पुसल्या जातात. तुम्ही विचारलेले ओळखणारे प्रथिन इथे, म्हणजे भ्रूणात भेटते: झेडएफपी५७ हे मिथिलीकृत टीजीसीसीजीसी क्रम ओळखते आणि ट्रिम२८ या सहकारी प्रथिनाच्या साह्याने तेवढ्या खुणा राखते. झेडएनएफ४४५ हे प्रथिनही त्याच कामात असते.

प्रतिसाद ४
वरील चित्र उंदराचे आहे. ते माणसावर जसेच्या तसे लावू नये, कारण मानवी अंडपेशीत डीएनएमटी३एल जवळपास आढळत नाही. तरीही ठसे उमटणे किती अत्यावश्यक आहे हे माणसातही दिसते: ज्या स्त्रियांच्या एनएलआरपी७ जनुकाच्या दोन्ही प्रती सदोष असतात, त्यांच्या अंडपेशींत आईचे ठसे नीट बसत नाहीत आणि गुणसूत्रे दोन्ही पालकांची असूनही वारंवार द्राक्षगर्भ (गर्भाऐवजी वारेच्या ऊतीची द्राक्षांसारखी असामान्य वाढ) राहतो.