खड्डा खणायचा की खोदायचा?

मुरूममाती: गावात शोषखड्ड्यांची मोहीम आहे, त्याचं माहितीपत्रक मराठीत करतोय. ‘तीन फूट लांब, तीन रुंद, चार खोल खड्डा खोदा’ असं लिहिलं, तर आईने चष्माच काढून ठेवला. "खड्डा खणतात रे. खोदतात ती लेणी." खरंच चूक आहे का? उद्या छपाईला द्यायचंय.

पाणकळा: आईंचं बरोबर. खणणे संस्कृत ‘खन्’वरून, खाण, खनिज त्याच घरातली. खोदणे हिंदीतून घुसलंय.

जुनी पोथी: घुसलंय कसलं! मोल्सवर्थच्या १८५७ च्या कोशात ‘खोदणें’ आहे. आणि ‘खोदून खोदून विचारणे’ऐवजी ‘खणून खणून’ म्हणून बघा एकदा.

पाणकळा: विचारायला खनपटीला बसतात की! त्यात खणणंच आहे.

जुनी पोथी: आधार?

पाणकळा: कान.

वऱ्हाडी ठेचा: आमच्याकडे दोन्ही नाही, खंदतात. "इहीर खंदली, पानी नाई लागलं." शाळेत ‘खंदली’ लिहिलं तर मास्तरांनी लाल रेघ मारली. मग किल्ल्याचा खंदक बरा चालतो!

जुनी पोथी: खंदक अरबी, पण अरबीत तो इराणातून गेला. फारसीत ‘कंदन’ म्हणजे खणणे, ‘खन्’चं चुलत भावंड. लांबचा फेरा मारून घरीच आला म्हणा.

बोअरवाला: विहिरीवर काम केलेलं कुणी नाही का इथे? आम्ही विहीर ‘पाडतो’. माती-मुरूम आहे तोवर खणायचं. काळा पाषाण लागला, पहार ठणकन उडाली, की सुरुंग लावून फोडायचं. कोंबडी करते ते उकरणं. म्हणून तर उकिरडा!

जुनी पोथी: उकिरडा ‘उत्कर’वरून, म्हणजे केराचा ढीग. धातू मात्र उकरण्याचाच, तेव्हा कोंबडीला अर्धे गुण.

पाणकळा: सरकारी भाषेत तर वाळूचंही ‘उत्खनन’. इनामगावला पुरातत्त्ववाल्यांनी केलं तेही उत्खनन आणि रात्री नदीत डंपर घालतात तेही! वाळूला ‘उपसा’ काय वाईट होता?

नऊवारी: आणि चोळीचा खण?

जुनी पोथी: त्याचा कुदळीशी संबंध नाही.

नऊवारी: नसू दे. गुळेदगुड्डचा खण इरकलीवर काय दिसतो!

मुरूममाती: छापखान्याचा फोन आला, ‘खड्डा घ्या’ लिहून मोकळा झालो. आई विचारतेय, "घ्या? कुणाकडून?"

बोअरवाला: बरोबर लिहिलंत. आम्ही बोअर घेतोच की.