शब्दचर्चा: योगसूत्रातली उपेक्षा आणि आपली उपेक्षा

दादरकर: शिवाजी पार्कजवळच्या आमच्या सकाळच्या वर्गात पातंजल योगसूत्रं वाचायला घेतली आहेत. पहिल्या पादातल्या (म्हणजे अध्यायातल्या) ३३व्या सूत्रापाशी गाडी अडली. मैत्री, करुणा, मुदिता (म्हणजे आनंद), उपेक्षा या चौघींच्या भावनेने चित्त प्रसन्न होतं म्हणे. पहिल्या तिघींबद्दल तक्रार नाही. पण उपेक्षा? आपल्याकडे म्हाताऱ्या आईबापांची उपेक्षा होते, मराठी शाळांची होते. ती करून मन शांत कसं व्हायचं? फळ्यावर प्रतिशब्द लिहायचाय, सुचवा.

संस्कृतवाली: धातू ईक्ष्, म्हणजे पाहणे. अपेक्षा, प्रतीक्षा, परीक्षा ही त्याचीच भावंडं. ‘उप’ म्हणजे जवळ, म्हणून उपेक्षा म्हणजे ‘जवळून पाहणे’ असं कुणी सांगितलं तर मला ते पटत नाही. उपसर्ग लागला की धातू कुठेही जातो. आहार, विहार, प्रहार, संहार पाहा. दुर्लक्ष हा अर्थ संस्कृतातही आहेच. खरा फरक आहे तो ‘कोणाची’ यात. सूत्रात चौघींना चार विषय वाटून दिलेत: सुखी माणसाशी मैत्री, दुःखी माणसाविषयी करुणा, पुण्यवानाला पाहून मुदिता आणि उपेक्षा फक्त अपुण्याची, म्हणजे पापाची. मराठीत उपेक्षा होते ती ज्याच्याकडे लक्ष द्यायला हवं होतं त्याची. म्हणून तो शब्द आपल्याला टोचतो.

चौथी सीट: कानाडोळा म्हणा की सरळ. मी बोरिवलीचा. संध्याकाळी विरार फास्टमध्ये चढलो की दारातला ग्रुप उतरताना अडवतो. घरी जेवायला बसलो तरी मी मनातल्या मनात त्यांना उत्तरं देत असतो. ही उपेक्षा तिथे चालेल का?

संस्कृतवाली: जेवणाच्या ताटावरच्या भांडणाला नक्की चालेल. गाडीत कुणी अंगावर आलं तर मात्र रेल्वेच्या हेल्पलाइनला, १३९ला, फोन करायचाच, सूत्र त्याला आडवं येत नाही. त्याचा विषय तुमचं चित्त आहे. कानाडोळा नको, त्यात संगनमताचा वास येतो. अनधिकृत बांधकामाकडे होतो तो कानाडोळा.

पालीप्रेमी: बौद्ध परंपरेत हेच चार ब्रह्मविहार आहेत: मेत्ता, करुणा, मुदिता, उपेक्खा. तिथे मुदिता म्हणजे दुसऱ्याच्या भरभराटीत आनंद आणि उपेक्खा म्हणजे सर्वांविषयी समभाव. ‘समता’ लिहा.

संस्कृतवाली: तिथे अगदी बरोबर. पतंजलीच्या वर्गात नको. तिसऱ्या पादातलं २३वं सूत्र पाहा, ‘मैत्र्यादिषु बलानि’: मैत्री वगैरेंवर संयम केला, म्हणजे चित्त पूर्ण एकाग्र केलं, की त्यांचं बळ मिळतं. त्यावर व्यासभाष्य म्हणतं की पापशीलांची उपेक्षा ही भावनाच नव्हे. तिच्यावर संयम होत नाही, म्हणून तिच्यातून बळही मिळत नाही. बळं तीनच. मला हे फार आवडतं. दारातल्या ग्रुपबद्दल समभाव आणा, असलं अवघड काम भाष्यकार सांगतच नाही. मैत्री, करुणा, मुदिता जोपासायच्या. इथे नुसतं लक्ष काढून घ्यायचं.

दादरकर: पण पहिल्या पादात तर चौघींना भावना म्हटलंय.

संस्कृतवाली: हो, तिथे चौघी एका समासात आहेत आणि पुढे भाष्याने चौथी वेगळी काढली. ही ओढाताण आहे खरी, वर्गात लपवू नका.

चौथी सीट: उदासीनता?

संस्कृतवाली: मूळ अर्थ बाजूला बसलेला, गीतेतही चांगल्या अर्थाने येतो. पण मराठी माणूस ‘उदास’ ऐकतो आणि वर्गाला रविवार संध्याकाळची कळा येते.

गिरगावकर: थोडं अवांतर. सूत्रातलं ‘प्रसादन’, आपलं ‘प्रसन्न’ आणि पसायदानातला ‘पसाय’ सगळे एकाच घरचे. शिवाय ‘खळांची व्यंकटी सांडो’ म्हणताना ज्ञानदेव उपेक्षेच्याही पुढे जातात, खळांना सत्कर्माची गोडी लागो असं मागतात. ते मागणं विरार फास्टला पेलेल का, माहीत नाही.

दादरकर: मग ‘अपुण्यावरून लक्ष काढून घेणे’ असं लिहितो.

गिरगावकर: लिहा, पण ‘अपुण्य’ मोठ्या अक्षरात. नाहीतर आमच्या सोसायटीचे थकबाकीदार योगशास्त्राचा हवाला देऊन मेंटेनन्सच्या नोटिशीची उपेक्षा करतील.