ड्रग टेस्टचा रिपोर्ट ‘निगेटिव्ह, डायल्यूट’ आलाय. माझ्यावर संशय आहे का?

सातारी_ड्रायव्हर:
टेक्सासात ट्रक चालवतो, ७ वर्षं झाली. मंगळवारी रँडम टेस्टला बोलावलं. रात्रभर गाडी चालवून थेट गेलो, लघवी काही होईना. तिथल्या बाई म्हणाल्या पाणी प्या. तासाभरात लिटरभर प्यायलो. रिपोर्ट आला ‘निगेटिव्ह, डायल्यूट’, आणि आता कंपनी परत या म्हणते. मी तंबाखूलाही हात लावत नाही हो. कपात पाणी घातलं असं वाटतंय का त्यांना? बायकोला अजून सांगितलेलं नाही.

लॅबवाली_ताई:
दादा, आधी वहिनींना सांगा. लपवावं असं यात काहीच नाही. मी इथे अशाच लॅबमध्ये १२ वर्षं नमुने तपासलेत.

आम्ही आधी क्रिएटिनिन बघतो. हा शरीरातला टाकाऊ पदार्थ, तो स्नायूंतून येतो आणि रोज साधारण तेवढाच बाहेर पडतो. पाणी जास्त प्यायलं की लघवी पातळ होते आणि आकडा उतरतो. डेसिलिटरला २० मिलिग्रॅमच्या खाली गेला की स्पेसिफिक ग्रॅव्हिटी, म्हणजे पाण्याच्या तुलनेत लघवी किती दाट आहे ते, मोजायची, तीही दशांशानंतर चार घरांपर्यंत, कारण सगळा निवाडा तिथेच होतो. क्रिएटिनिन २ ते २० च्या मधे आणि ग्रॅव्हिटी १.००१० च्या वर पण १.००३० च्या खाली असली की डायल्यूट, म्हणजे पातळ नमुना. क्रिएटिनिन २ च्याही खाली आणि ग्रॅव्हिटी १.००१० किंवा कमी, म्हणजे ही माणसाची लघवीच नव्हे. तो शेरा वेगळा, ‘सब्स्टिट्यूटेड’ (बदललेला नमुना), आणि तो टेस्टला नकार दिल्यासारखाच धरतात. तुम्ही त्यात नाही.

काही मिसळलं असेल तर पीएच ४ च्या खाली किंवा ११ वर सापडतो, नाहीतर नायट्राइट मिलिलिटरला ५०० मायक्रोग्रॅमच्या वर. लघवीला संसर्ग असला तरी नायट्राइट दिसतं, पण इतकं नाही. कपावरची पट्टी आठवते ना? ४ मिनिटांच्या आत तिच्यावर ३२ ते ३८ अंश दिसावं लागतं. संडासातलं निळं पाणीही त्याचसाठी, कुणी ते कपात भरू नये म्हणून.

कुणी समोर उभं राहून, बघत बघत घेतलेला नमुना मागितलाय का? क्रिएटिनिन २ ते ५ असतं तर लगेच तसाच घेतला असता.

सातारी_ड्रायव्हर:
नाही, साधीच टेस्ट म्हणालेत.

नागपूरकर_डिस्पॅचर:
मग आकडा ५ च्या वर आहे. अशा वेळी परत बोलवायचं की नाही हे कंपनी ठरवते, पण एकाला बोलावलं तर सगळ्यांना तोच नियम. दुसऱ्यांदाही डायल्यूट आलं तर त्याच कारणावरून तिसऱ्यांदा बोलावता येत नाही. आमच्या एका ड्रायव्हरला हे ठाऊकच नव्हतं, पंधरवडाभर जेवण गेलं नाही त्याला.

लॅबवाली_ताई:
आणि यावेळी सकाळी उठल्यापासून नेहमीइतकंच पाणी प्या. लिटरभर एका दमात नको.

सातारी_ड्रायव्हर:
ताई, बायकोला आत्ता सांगितलं. शुक्रवारी जातोय.